जोडगोळी

सांगलीच्या यार्डात सौदे निघाले
की भूपालअण्णांचा हात रुमालाखाली येई
आणि माझा त्यात शिरे.
सत्तावीस वर्षं. बोटांनीच बोलणं.
वर हमाल, पोती, फोडलेल्या राजापुरीचा ठसका;
खाली अंधारात दोन माणसं, एक भाव.

एका फाल्गुनात त्यांचं बोट न विचारता बोललं.
दोन दाबली त्यांनी, मला तीन लागली.
तीनला सौदा तुटला. शब्द तो शब्द.
रात्री पोरगा फरकाचे पैसे घेऊन दारात:
पाकिटावर माझं नाव,
मुंगीएवढ्या अक्षरात.

मिरजेचे डॉक्टर म्हणाले, कंपवात.
आठची गोळी साडेअकरापर्यंत पुरायची,
आणि आमचा बाजार रंगतो पावणेबाराला.
मग अण्णांचे पाय फरशीला चिकटत,
चेहरा दगडाचा,
अंगठा तर्जनीवर वाती वळत बसे
नसलेल्या कापसाच्या.

दिवाळीनंतर दुसरी गोळी आली, पहिलीच्या सोबतीला.
"ही एकटी काय बी करत नाही बघ,
पहिली उधळी आहे, तिला पुरवून पुरवून खर्च करायला लावते.
आमच्यात हे खातं चंपावतीकडं होतं."
वर सांगितलं, लघवी केशरी होते म्हणून.
"जन्म हळदीत गेला की रे,
आता आतनं बी रंगलो."

बरं झालं असं नाही म्हणणार मी.
मान कधी कधी आपली आपण डुलते,
झोपाळ्यावर बसल्यागत.
पण एक वाजेपर्यंत बोटं त्यांची असतात.
दोन म्हणजे दोन.

परवा सौदा पुढं ढकलला, ढीग उशिरा फुटला.
मी बघत होतो, वाती सुरू झाल्या.
डबी घरी राहिलेली.
सुनेनं दिलेला जोड माझ्या खिशात असतो,
हे त्यांना ठाऊक नव्हतं.

रुमाल पडला. हात आले.
बाजार वाकून बघतोय, काय मागितलं, काय दिलं,
आणि मी त्यांच्या तळव्यावर ठेवल्या
कागदाच्या पुडीत दोन गोळ्या.

थोडा वेळ काहीच नाही.
मग सगळी पाच बोटं माझ्या मनगटावर, घट्ट, थरथरत.

"किती ठरला?" तोलार ओरडला.
"थांब रे," अण्णा म्हणाले, "अर्धा तास लागंल.
आधी पाणी आण."