वहिनी बहात्तर

अवधानच्या शेडमध्ये दुपारी तीनला पत्रा कडकड बोलतो.
मी स्टेअरिंगखालच्या सॉकेटात केबल खोचते
आणि पिकअपचा मेंदू लॅपटॉपवर उतरू लागतो.
सावदा ते सुरत, सहा वर्षं केळी वाहिलेली गाडी,
आणि सगळं मिळून दोन मेगाबाइट.

बॅटरीला चार्जर लावून ठेवलाय.
वाचताना वीज गेली तर चालतं,
लिहिताना गेली तर मेंदूची वीट होते,
आणि आमच्याकडे वीज कुणाला विचारून जात नाही.

राजधर बोरसे दारात उकिडवा बसलाय.
"सेकंडहँड घेतली ताई. ओढते जबरी, धूर नाही,
पण बहात्तरच्या वर हलत नाही.
कोणीतरी दावं बांधलंय हिला."

मी नकाशे उघडते.
एका कडेला फेरे, दुसऱ्या कडेला पायाचा दाब,
मधे घराघरात डिझेल, मिलिग्रॅमच्या मापानं.
कंपनीचे आकडे असतात
सरकारी शाळेच्या भिंतीसारखे, कुणाचेच नसलेले.
इथं मात्र हात दिसतो.

हवेच्या उष्म्याचा तक्ता कंपनीनं चाळिसावर आटोपला होता.
शेवटचे दोन रकाने कुणी खरवडून
चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस केलेत.
भुसावळचा मे अंगावर काढलेल्याचंच हे काम.
आणि दुसऱ्या गिअरात, अठराशे फेऱ्यांपाशी
चिमूटभर डिझेल जास्त :
कोंडाईबारीचं ते वळण,
जिथं भरलेली गाडी श्वास धरते.
मी रस्ता आकड्यांवरून ओळखला.

एकही आकडा विषम नाही.
विषम आकडा रात्री टोचतो, म्हणायचे सुपडूअण्णा.

फाइलच्या शेवटी, जिथं नुसती पोकळी भरलेली असते
आणि कुणी बघत नाही,
इंग्रजी अक्षरांत मराठी दोन शब्द :
वहिनी बहात्तर.

अण्णा आता पारोळ्याला, लेकीकडे. दृष्टी गेली.
फोनवर मी वाचते : अडतीस, बेचाळीस...
"चव्वेचाळीस, चव्वेचाळीस, चाळीस," पुढचं तेच बोलतात,
जणू गाडी त्यांच्या पायाखाली आहे.
आणि बहात्तर?
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"हिलालनी बायको उनी व्हती. एकलीच.
नवराले सांगू नका म्हने.
पैसा बी दिधा तिन्ही, रुमालमा बांधेल."
मग?
"मंग काय. मी हिलालले सांगं, इंजिन इतलंच से."

हिलालनं गाडी का विकली, ते मी विचारलं नाही.
अण्णांनी सांगितलं नाही.

"झालं का ताई?" राजधर उठून आलाय.
गाडी त्याची, हप्ता त्याचा, पाय त्याचा.
"घरी कोण असतं?"
"आई. का?"
"सहज."

मी चौऱ्याऐंशी लिहिलं.
शंभर लिहायला तेवढाच वेळ लागला असता.
पोकळीतल्या दोन शब्दांपैकी एक बदलला,
वहिनीला हात लावला नाही.
मग सगळ्या आकड्यांची बेरीज पुन्हा जुळवली,
ती चुकली तर इंजिन दमडीलाही ऐकत नाही.

ब्याण्णव टक्क्यांवर वीज गेली.
पंखा थांबला, चार्जर गप्प.
मी आणि राजधर दोघं वाकून
त्या निळ्या पट्टीकडे बघत राहिलो
दूध उतू जाताना बघावं तसे.
बॅटरीनं उरलेलं आठ टक्के एकटीनं ओढलं.

चावी फिरवली. चालू झाली.
साक्री रोडवर एक फेरी मारून आला, घामानं भिजलेला, खूश.
"चौऱ्याऐंशीला अडते की हो."

"इंजिन तेवढंच आहे," मी म्हटलं.