चार ते पाच

नाशिकरोडच्या आमच्या वाचनालयात
त्या दिवाळी अंकाची शिवण तीनदा उसवली.
दोष एकाच गोष्टीचा. पान एकशे बारा ते एकशे एकवीस.

गावातून कुणीतरी दुपारचे चार ते पाच चोरून नेतं
आणि एक गुप्तहेर येतो, उन्हात, छत्री घेऊन.
इथवर सगळ्यांचं एकमत.
पुढे साक्षीला उभे राहतात एक पाट, एक वरवंटा,
रॉकेलच्या डब्याचं झाकण;
मग दीड पान नुसती वाण्याची यादी,
मग चोराच्या आईचं पत्र, ज्यात चोराचं नाव नाही
पण खोकल्याचा काढा आहे, प्रमाणासकट.

पुंजाजी गांगुर्डे, भद्रकालीचे निवृत्त हवालदार,
अंक टेबलावर आपटून म्हणाले,
पंचनामा कुठाय? वरवंट्याचा अंगठा कोण घेणार?
आणि तरी खुर्ची ओढून बसले.
पाट खोटं बोलतोय, म्हणाले जरा वेळाने,
बसणाऱ्याचं वजन त्याने दोनदा वेगळं सांगितलंय.

दिगंबर तांबटांना चोराशी देणंघेणं नव्हतं.
तिसऱ्या पानावर घागर पडते आणि ‘ठण्ण’ वाजते.
भरलेलं तांबं असं वाजत नाही,
म्हणजे घागर रिकामी होती,
म्हणजे बाई पाण्याला गेलीच नव्हती.
एवढं बोलून ते गप्प झाले,
आपल्या हातून काही उकललं याची लाज वाटल्यासारखे.

एकाने अंक बदलून मागितला,
पानं उलटसुलट लागलीत म्हणून.
मी मोजून दाखवली.
मग लेखकच उलटसुलट लागलाय, म्हणाला.

समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात: हे काय आहे?
त्याखाली तेच अक्षर, शाई वेगळी:
आईला वाचून दाखवलं. ती मध्येच हसली.
कुठे, ते विचारायचं राहिलं.

नोटप्रेसमधले सुदाम जेऊघाले
तीस वर्षं फाटकावर झडती देऊन घरी गेलेला माणूस.
म्हणाले, तास चोरणं अवघड नाही हो.
डब्यात मावतो. पोळीखाली.
मी हसलो. ते हसले नाहीत.

गोष्ट संपत नाही.
शेवटी गुप्तहेर कुणाच्या तरी ओट्यावर टेकतो,
छत्री मिटवतो, म्हणतो, बाई, जरा पाणी
आणि खाली अर्धं पान कोरं.
समोर कांदा-लसूण मसाल्याची जाहिरात.
लोक चिडले ते या कोऱ्या अर्ध्या पानावर,
वर्गणी परत मागण्याइतके.

मार्चमध्ये अंक वसुमती क्षेमकल्याणींकडून आला.
जेलरोड, दुसरा मजला, एकट्या.
कशी वाटली, विचारलं, तर म्हणाल्या, ऊन फार होतं,
आणि कुंडीतल्या भाज्यांचं पुस्तक घेऊन गेल्या.

परत आलेला अंक चाळावा लागतो,
पान फाटलंय का, कुणी काही लिहिलंय का.
कोऱ्या जागेत, नेमका ‘पाणी’ या शब्दाखाली,
फुलपात्राच्या बुडाचा गोल डाग.
अजून ओलसर.

नियमाने डागाला दहा रुपये.
नोंदवहीत वेळ टाकायला मी वर पाहिलं:
त्या आल्या तेव्हा चारला पाच कमी होते,
आता पाच वाजून दोन मिनिटं.

दंडाचा रकाना तसाच आहे.