तक्ता दोन, तळटीप

जानेवारीत डुलुथच्या पेट्रोल पंपावर
मी बर्फाची पिशवी विकत घेतली तेव्हा
काउंटरवरच्या पोऱ्यानं आधी माझ्याकडे,
मग काचेबाहेर पाहिलं.
उणे चोवीस. बंदराजवळचं सरोवर गोठून
नजर पोचेल तिथवर पांढरं पडलेलं.
"बाहेर फुकट आहे," तो म्हणाला.
त्याला कसं सांगू, की नीतिसमितीला
खाण्यालायकच बर्फ लागतो,
पावती जोडून.

प्रयोग तसा सोपा.
तीन अंशाच्या पाण्यात डावा हात, मनगटापर्यंत.
सोसवेल तोवर ठेवायचा,
तीन मिनिटं झाली की मीच थांबवणार.
एकदा इंग्रजीत कळवळायचं,
एकदा आपल्या भाषेत.
माझं म्हणणं एवढंच, की आपल्या भाषेत
दुखणं जरा जास्त वेळ धरता येतं.
हे कुठून सुचलं ते प्रस्तावनेत नाही.
(तिथे एकोणतीस संदर्भ आहेत.
दारात बोट चेमटलं त्या दिवशी
रूममेटसमोर माझ्या तोंडून "आउच" निघालं,
आणि मी बोट सोडून
त्या शब्दाकडेच बघत बसले,
हा संदर्भ धरत नाहीत.)

त्रेचाळीस जण आले.
ह्मोंग, सोमाली, स्पॅनिश, एक तेलुगू पोरगी,
जिनं चौथ्या सेकंदाला हात काढून
"अम्मा" म्हणत माझाच दंड धरला.
सगळे कॉफीच्या पाच डॉलरच्या कुपनासाठी.
सतरा नंबर म्हणजे आमच्याच इमारतीत
रात्री फरशी पुसणारे आजोबा.
मातृभाषेच्या चौकटीत त्यांनी फिनिश लिहिलं.
कोणता शब्द म्हणणार, या चौकटीत
लिहिलं, खोडलं, परत लिहिलं,
मग पेन ठेवून विचारलं,
"स्पेलिंग तपासता का?"
नाही, म्हटलं.
"बरं. आईनं कधी लिहून दाखवलं नव्हतं."

हात पाण्यात गेला.
ओठ हलले.
रेकॉर्डरवर नुसती पंपाची घरघर,
तीन मिनिटं. मी ती चाळीसदा तरी ऐकली असेल.
हात लाल झाला, मग कसातरी पांढरट.
मी "थांबा" म्हणाले तेव्हा ते दचकले,
मी न विचारता आत शिरल्यासारखे.
बाही खाली केली
आणि कुपन न घेता
बादली ढकलत निघून गेले.

डॉ. ब्रँडव्होल्ड म्हणाल्या, सूचना पाळली नाही,
वगळ. नियम तसाच आहे.
नियम बरोबरही आहे.
तक्ता दोनच्या खाली, बारीक टायपात :
"एका सहभागीने उच्चार न केल्याने नोंद वगळली."
त्यांना धरून मोजलं तर पी शून्य पूर्णांक चौदा,
वगळून एकवीस.
दोन्हीकडून हाती काहीच नाही.
तरी त्या रात्री मी त्यांना
दोनदा आत घेतलं, दोनदा बाहेर काढलं.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा.
लांब टेबल, तीन प्राध्यापक, पाण्याचा जग,
जगात बर्फ.
तिसऱ्यानं विचारलं, सतरा नंबरबद्दल काय वाटतं?
मी म्हटलं, नमुना लहान आहे.
उत्तर चुकीचं नव्हतं.
मला कॉरिडॉरमध्ये उभं केलं
आणि सात मिनिटांनी आत बोलावून
अभिनंदन केलं.

सोलापूरला तेव्हा रात्रीचा एक.
"मिळालं गं ऑनर्स."
"म्हणजे डिस्टिंक्शन का?"
"तसंच काहीसं."
"आणि सापडलं काय?"
"काही नाही सापडलं."
"मग देतात तरी?"
"नीट शोधलं तर देतात."
मागे पंख्याचा आवाज.
मग आई म्हणाली, "आमच्याकडे नाही देत."

किल्ली परत करायच्या आधी फ्रीजर रिकामा केला.
अर्धी पिशवी उरलेली, एकच ढेकूळ झालेली.
मागच्या दारानं नेऊन
एप्रिलच्या काळपट बर्फावर आपटली.
फुटली नाही.
कुपन पाकिटात घातलं,
झाडूच्या कपाटाच्या फटीतून सारायला.
नाव संमतीपत्रावर, संमतीपत्र कुलपात.
म्हणून वर नंबर लिहिला,
पाकीट सारलं,
आणि जिना उतरताना आठवलं,
तो त्यांना कधी सांगितलाच नव्हता.