पावणेदोनची गाडी

सेलूच्या हॉलात एकसष्ट माणसं.
मीच मोजली; जिनिंगवर गाठी मोजायची सवय.

नायिका भांडता भांडता थबकते,
ऑर्गनवाला पाय हलवतो
आणि तिचं भांडण यमनात शिरतं.
शेजारी गफूर टेलर कुजबुजतो,
"शालूला फॉल मीच लावला. उसवायलाय बगा."

मधेच लाईट गेली.
ती थांबली नाही.
अंधारात तान वर चढत राहिली,
जनरेटरचं पोरगं
दोर हातात धरून तसंच उभं.

मला कायम कोडं पडतं,
माणसाचं बोलणं नेमकं कुठं संपतं
की पुढं गाणंच यावं?
धाकट्याशी मी भांडलो
तेव्हा मागं कुणी सूर धरला नाही.
भांडण भांडणच राहिलं,
अकरा वर्षं.

रात्री स्टँडवर तीच बाई,
गालावर अर्धा रंग, हातात चहा.
"परभणी गाडी कितीला हो?"
आवाज बसलेला, अगदी साधा.
मी घसा खाकरला,
षड्ज लावावा तसा,
आणि म्हणालो,
"पावणेदोनला.
पण कधी कधी थांबतच नाही."