नमुना क्रमांक एकतीस

रात्रभर तापवला तीनशे अंशांवर,
पंप लावून काढून घेतलं त्याच्यातलं होतं नव्हतं ते:
ओल, हवा, कालचा दिवस.
मापून घ्यायचं तर आधी रिकामं व्हावं लागतं.
हे मी दर वर्षी नव्या पोरांना सांगते
आणि दर वर्षी कुणीतरी घाई करतं.

या वर्षी रेइगो.

चिमूटभर काळी पूड, ग्रॅमचा दहावा हिस्सा,
काचनळीच्या तळाशी, फुग्यात.
खिडकीबाहेर तार्तू, उणे अकरा,
पुलाखालची नदी पांढरी, थिजलेली.
आत थर्मासमध्ये उणे एकशे शहाण्णव,
काठावरून ओघळणारी नायट्रोजनची वाफ.
या कामात बत्तीस हिवाळे गेले माझे.
बाहेर पडताना कोटाची बटणं लावायची आठवण राहत नाही.

ही पूड गेल्या सालापर्यंत पीट होती,
त्याआधी शेवाळ, दलदलीत हजारो वर्षं निजलेलं.
माझा बाप तेच कापायचा फावड्याने, जळणासाठी.
रविवारी बर्चची लांब काठी घेऊन निघायचा
दलदल कुठवर खोल आहे ते बघायला.
काठी अडली की म्हणायचा, "इथे संपलं."
मग जरा थांबून,
"किंवा काठी संपली."

यंत्र वायूचे घोट पाजत राहतं, मोजून मोजून.
दर घोटाला पडद्यावर एक ठिपका.
चांगला कोळसा पहिल्याच घोटाला अधाशासारखा पितो,
रेघ भिंतीसारखी उभी राहते;
पाच ग्रॅमच्या पोटातून
फुटबॉलचं अख्खं मैदान उलगडून निघतं.
एकतीस नंबर मात्र ताकास तूर लागू देईना.
रेघ आडवी. आजाऱ्यासारखी आडवी.

"भोकंच नाहीत यात," रेइगो म्हणाला,
"भट्टी जास्त तापली. वाया गेला."
वहीत शून्य लिहायला त्याने पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

थांब रे, म्हटलं.
एवढ्या थंडीत नायट्रोजनही गारठतो.
अरुंद फटीच्या तोंडाशी येतो आणि तिथेच ताटकळतो,
एकेक पाऊल टाकत आत जाईल
तोवर तू पेन्शनीत निघशील.
दार नसणं वेगळं, दार न उघडणं वेगळं.

बादली घेऊन खाली गेले.
सायकलींच्या मागचा स्वच्छ बर्फ भरला, वर पाणी ओतलं.
शून्य अंश. हात बुडवता येईल अशी घरगुती थंडी.
नायट्रोजनची नळी बंद केली,
कार्बन डायऑक्साइडची उघडली;
आपण दोघं सकाळपासून इथे सोडतोय तोच वायू.

एक ठिपका चढला.
मग दुसरा, त्याच्याहून वर.
जेवणाची सुट्टी टळून गेली.
डब्यातली राईची पोळी कडक होत राहिली
आणि फटी निघत राहिल्या,
अर्ध्या नॅनोमीटरच्या, त्याहूनही बारीक,
दाटीवाटीने, जणू कुणी विचारण्याचीच वाट बघत होत्या.

"मग खरं माप कुठलं?" रेइगोने विचारलं.
पोरगा रडवेला झाला होता थोडा.
मला उत्तर आलं नाही धड.
म्हटलं, दोन्ही लिही. कोण आत गेलं तेही लिही,
किती गारठ्यात, तेही.
आणि हे पण लिही की आपलं गणित
प्रत्येक फट म्हणजे समोरासमोरच्या दोन सपाट भिंती मानतं.
कोळशाला हे अजून कुणी कळवलेलं नाही.

तो हसला. मग सगळं लिहिलं त्याने,
तारखेसकट, बादलीसकट.

बापाची काठी अजून माझ्या शेडमध्ये आहे,
छपराच्या वाशांवर आडवी टाकलेली.
काल शिडी लावून उतरवली, उगाच.
चिखलाचा डाग आहे तिच्यावर, जुना, काळा,
पार मुठीपर्यंत.

बत्तीस नंबर तापत ठेवलाय.