गाठ नंबर चारशे बारा

धरणगावच्या जिनिंगमध्ये
रुईचा ढीग तिसऱ्या खांबाला टेकलाय.
सुपडूमामा त्यात कमरेएवढा बुडालेला,
भुवयांवर पांढरी पिंज.
म्हणतो, पोरी, तुनं काम काय शे, एकदाव सांग.

सांगते.

विश्व जेमतेम तीन अब्ज वर्षांचं होतं,
म्हणजे अजून मिसरूडही फुटायची होती,
तेव्हाच काही दीर्घिका भरून, मिटून, गप्प झाल्या होत्या.
वजनाला आपल्या आकाशगंगेहून जड,
आणि घेर एवढासा,
की जळगाव जिल्ह्यातली यच्चयावत माणसं
चावलखेड्याच्या फलाटावर उभी करावीत,
तसे तारे.

मामाला याचं नवल नाही.
त्याच्यासमोर रोज ट्रॉल्याच्या ट्रॉल्या
ओघळता, उडता, नाकातोंडात जाणारा कापूस
पेटीत उतरतो
आणि एकशे सत्तर किलोची वीट होऊन बाहेर येतो.
त्याचा प्रश्न वेगळाच :
दाबं कोनी?

प्रेस धडधडत होती, मला ओरडावं लागलं.
कोणीच नाही, मामा!
थंड वायू होता, अमाप.
दोन ढग एकमेकांत घुसले,
याची गिरकी उजवी, त्याची डावी,
दोन्ही एकमेकींत जिरल्या,
आणि फिरणंच उरलं नाही म्हटल्यावर
सगळं मध्याकडे घसरलं,
स्वतःच्याच वजनानं!

सरकी भरणाऱ्या बायांनी वळून पाहिलं.
स्वतःच्याच वजनानं, हे शेवटचे शब्द
नेमके मशीन थांबल्यावर पडले होते.

मामा ढिगातून बाहेर आला, पाणी प्यायला,
आणि चारशे बाराची गोष्ट सांगू लागला.

पौषातली गाठ. पट्ट्या आवळलेल्या, शिक्का मारलेला.
कुठल्याशा रेच्यात खडा आला असेल,
ठिणगी रुईबरोबर दाबली गेली.
चार दिवस गाठ आवारात उभी, गार, पांढरीशुभ्र,
पोरं तिच्यावर बसून डबा खायची.
आतमा जयस, भाईर काय दखास नही.
पाचव्या दिवशी वास आला.
मामानंच कटरनं पट्ट्या तोडल्या,
तर गाठ फुगली,
दम कोंडलेलं जनावर सुटावं तशी,
आणि पोटात लालबुंद.

मी गप्प.
माझ्याकडे असलेलं चित्र सात ठिपक्यांचं आहे,
त्यातला मधला लाल.
तिथेही आधी आगच लागली होती,
वर्षाला शेकडो तारे, एवढ्याशा जागेत,
मग त्या आगीच्याच वाऱ्यानं उरलेला वायू उधळून लावला,
की मधल्या काळ्या विवरानं फुंकर घातली,
यावर आमच्यात अजून भांडणं आहेत.
वायू संपला. नवा तारा नाही.
उरलेले म्हातारे, तांबूस.

आणि फुगली?

फुगली, मामा. पण पट्टी तोडायला कुणी आलं नाही.
बारक्याबारक्या दीर्घिका येऊन चिकटत राहिल्या,
तुझ्या बंडीला रुई चिकटते तशा, कडेकडेनं,
दहा अब्ज वर्षं.
मधला भाग अजून तेवढाच घट्ट असावा.
असावा, म्हणते मी.

तिचं नाव काय?
नाव नाही. नंबर.
यावर त्यानं मान अशी हलवली
की जणू नंबर असणं हेच नाव असण्याहून खरं.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं रजिस्टर उघडून दाखवलं.
चारशे अकरा, सुरतला गेली.
चारशे तेरा, सुरतला गेली.
मध्ये चारशे बारा, वजन भरलेलं,
शेऱ्यात त्याच्या अक्षरात : जळाली.
तारखेचा रकाना कोरा.

का रे मामा?

वास आला ती तारीख माले माहीत शे, म्हणाला,
पेटी कवय, ते कोन सांगी?
आणि कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडून
त्यानं अर्धा माझ्याकडे सरकवला.