बिजागरी

बोहरी आळीत माझं दुकान आहे, बिजागऱ्या-कड्या-कोयंड्यांचं.
दार कुरकुरलं की मला ऐकूनच कळतं
खिळा गेलाय, की सुताराचा हात.

रविवारी बावधनला जातो,
जप्त नि जखमी प्राण्यांच्या केंद्रात, टाक्या घासायला.
तिथं ते खोक्यातून आलं :
वाकडचा फ्लॅट, तीन वर्षं बाथरूमचा टब.
डॉक्टर खळदकर म्हणाल्या, "मुस्तन्सिरभाई, हे तुमच्या धंद्यातलं,"
आणि कासव उलटं धरलं.

पोटावर आडवी एक रेघ.
पुढची फळी वर, मागची फळी वर,
आत डोकं, पाय, शेपूट, सगळं.
फटीत पोस्टकार्ड सरकणार नाही.
स्क्रू नाही, तेल नाही, गंज नाही.
चाळीस वर्षांत अशी बिजागरी विकली नाही
जिची कडी फक्त आतून.

वही माझ्याकडे आली.
पहिला रविवार : आठशे दहा ग्रॅम. बंद.
दुसरा : सातशे नव्वद. बंद. केळं तसंच.
तिसरा : बंद. गांडूळ ठेवलं होतं, ते निघून गेलं.
चौथा : बंद. पण पाणी गढूळ,
म्हणजे रात्री कुणीतरी चाललंय.

मग मी बघणंच सोडलं.
पाठ करून टाकी घासत बसलो, ब्रश एका लयीत,
लाजरं गिऱ्हाईक रेंगाळतं तेव्हा
आपण उगाच हिशेब लिहीत बसतो, तसा.
मागे उंबर फुटल्याचा बारीक आवाज.
वळलो नाही.
बादलीतल्या पाण्यात दिसली
पिवळ्या पट्ट्यांची मान,
एवढ्या छोट्या घरात एवढी लांब मान.

आसामातला बर्मन फोनवर सांगतो,
चार पावसाळे तो यांच्या मागावर आहे, दिसली एकूण अकरा.
त्यातली नऊ, पाय पडता पडता.
"वारा नसताना पान हललं, की थांबायचं."
मी विचारलं, हे परत जाईल का तिकडं?
बराच वेळ फोनात नुसता पाऊस.
"कुठल्या ओढ्याचं, सांगू शकता?
चुकीच्या ओढ्यात सोडलं, तर सोबत आजारही सोडतो आपण."

वहीत आता आठशे पंचवीस.

परवा दुकानात एक बाई आल्या.
मुलगा दार लावून बसतो, म्हणाल्या,
बाहेरून उघडेल अशी कडी द्या.
मागच्या खणात डझनभर होत्या.
म्हटलं,
तो माल येणं बंद झालंय.